तलाव बंद, दिवस विस्कटलेला: घरातल्या तिघांचा व्यायाम कसा बसवायचा?

वाचकाचं पत्र

मी ४३ वर्षांची आहे. कोविडची साथ येण्याआधी आठवड्यातून चार संध्याकाळी पोहायला जायचे. तलाव बंद झाला, ऑफिस घरी आलं. सुरुवातीला व्हिडिओ लावून व्यायाम केला, मग तोही सुटला. आता सकाळी लॅपटॉप उघडते तो रात्रीच बंद होतो. जेवायची वेळ नाही, झोपायला एक वाजतो. माझे वडील ७२ वर्षांचे, आमच्याकडेच राहतात. त्यांचं सकाळचं फिरणं आम्हीच भीतीपोटी बंद केलं. आता दिवसभर टीव्हीसमोर डुलक्या घेतात आणि रात्री जागे असतात. परवा खुर्चीतून उठताना त्यांना हाताचा टेकू घ्यावा लागला. मिस्टरांना महिन्याभरापूर्वी कोविड झाला, घरीच बरे झाले. ते रोज पळणारे. गेल्या रविवारी नेहमीसारखं पळून आले आणि दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. तरी येत्या रविवारी पुन्हा जाणार म्हणतात. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये संध्याकाळी पंधराजणी गाण्यांवर एरोबिक्स करतात, मलाही बोलावतात. जाऊ का? आणि मी एवढी आळशी कशी झाले?

उत्तर

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतो आहे, हे पत्र वाचताना जाणवलं. त्याच्याकडे येतेच. पण आधी मिस्टरांचा येता रविवार. त्यांना पळू देऊ नका.

बरेच दिवस सराव नसलेल्या माणसाला पळताना धाप लागते, पाय दुखतात, आणि दोन दिवसांत तो ताळ्यावर येतो. तुम्ही लिहिलंय ते याहून वेगळं आहे. पळताना ठीक होते, नंतर अंगातलं बळ गेलं आणि दोन दिवस परत आलं नाही. श्रमाचा फटका असा उशिरा, कधी बारा तर कधी अठ्ठेचाळीस तासांनी बसणं हे विषाणूजन्य आजारांनंतर पूर्वीपासून माहीत असलेलं लक्षण आहे, आणि कोविडनंतर ते पुष्कळ लोकांमध्ये दिसलं. त्यात माणूस हमखास फसतो, कारण पळताना त्याला छानच वाटत असतं. 'बघ, काही झालं नाही' म्हणत तो घरी येतो, आणि नंतर अंथरुण धरतो तेव्हा दोष हवेला, झोपेला, अशक्तपणाला जातो. मग नेट लावून पुन्हा तेच करायचं, म्हणजे पुन्हा तेच होणार.

एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. दीर्घ थकव्याच्या आजारात 'व्यायाम दर आठवड्याला ठरवून वाढवत न्या' असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जायचा. ब्रिटनमधल्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये तो आपल्या सूचनांमधून काढून टाकला. अशा रुग्णांना रेटून केलेल्या व्यायामाने अपाय होतो, हे रुग्णच कितीतरी वर्षं सांगत होते. तुमच्या मिस्टरांना हाच आजार आहे असं मी म्हणत नाही, पत्र वाचून तसं कुणालाच म्हणता येणार नाही. पण शरीर असा निरोप देत असताना जिद्द दाखवायची नसते, एवढं त्यावरून त्यांनी घ्यावं.

या आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि रविवारचं सगळं जसंच्या तसं सांगा. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, नेहमीच्या जिन्यावर धाप, यातलं काहीही असेल तर ते आधी सांगायचं. विषाणूमुळे कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि सूज असताना जोराचा व्यायाम केला तर ठोक्यांची लय बिघडू शकते. ईसीजी काढायला सांगितला तर कंटाळा करू नका.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरसुद्धा पळणं लांब आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जानेवारी २०२१ मध्ये यासाठी एक मार्ग सुचवला गेला, मला तो व्यवहार्य वाटतो. आधी सलग ७ दिवस एकही लक्षण नको. त्यानंतर किमान दोन आठवडे अगदी कमी श्रमाची हालचाल: सपाटीवर सावकाश चालणं, हलकं ताणणं. मग पुढची प्रत्येक पायरी कमीत कमी आठवडाभराची. चालताना पूर्ण वाक्यं सहज बोलता आली पाहिजेत. मध्येच थकवा उलटला तर एक पायरी खाली यायचं, त्यात लाज नाही. त्यांना एक वही द्या. संध्याकाळी आज काय केलं ते लिहायचं, आणि त्याच्यासमोर दोन दिवसांनी कसं वाटलं ते. रोज पळणाऱ्या माणसाला नुसतं 'आराम करा' सांगितलं तर तो ऐकत नाही, असा माझा फिजिओथेरपिस्ट म्हणून अनुभव आहे. त्याला मोजायला काहीतरी लागतं. मग अंतराऐवजी हे मोजू द्या.

आता तळघरातला हॉल. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, आणि ते का, हे दक्षिण कोरियातल्या एका प्रसंगावरून सांगते. २०२० च्या सुरुवातीला तिथल्या चेओनान शहरात गाण्यावर नाचून व्यायाम करायच्या वर्गांमधून साथ पसरली. १२ व्यायामकेंद्रांशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले. वर्ग लहान खोल्यांत, पन्नासेक मिनिटांचे, एका वर्गात ५ ते २२ जणी. मला यातली खरी सांगण्यासारखी गोष्ट पुढे आहे. बाधित प्रशिक्षकांपैकी एक जण त्याच सुमारास पिलाटीस आणि योगाचेही वर्ग घेत होती, सात-आठ जणींचे. त्या वर्गांत कुणालाही लागण झाली नाही. अभ्यासकांनी त्याचं कारण हलक्या व्यायामात शोधलं. माणूस धापा टाकतो तेव्हा शांत बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत-बाहेर करतो. बंद खोलीत ती हवा साठते, आणि शेजारची बाईही तितक्याच जोराने ती आत घेते. वर गाण्याच्या आवाजावर ओरडून मोजणं. तळघर, पंधराजणी, एरोबिक्स: यात एकही गोष्ट तुमच्या बाजूची नाही.

त्या मैत्रिणींना मात्र तोडू नका. त्यांना गच्चीवर किंवा मोकळ्या आवारात बोलवा, दोन-दोन हातांचं अंतर ठेवून, ओरडणं वगळून. नियमांनी एकत्र जमायला मनाई असेल तेव्हा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल लावून आपापल्या घरी करा. कॅमेऱ्यापलीकडे कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. का पडतो, ते तुमच्या 'आळशी' शब्दाच्या उत्तरात आहे.

तुम्ही आळशी झालेला नाहीत. आधी तुम्ही आठवड्यातून चार संध्याकाळी तलावावर जायचात, ते दर वेळी मनाशी लढून थोडंच जायचात? ऑफिस सुटायची वेळ ठरलेली होती. पिशवी भरलेली होती. वाट पायाखालची होती. तलावाची बॅच ठरलेली, ओळखीचे चेहरे ठरलेले. हे सगळं तुम्हाला पाण्यापर्यंत नेऊन सोडायचं आणि तिथून पुढचंच काय ते तुम्ही करायचात. साथीने नेमकं तेवढं काढून घेतलं. आता रोज संध्याकाळी, सगळी कामं अंगावर असताना, तुम्हाला शून्यातून ठरवावं लागतं: करू का, कधी करू, कुठे करू, काय करू. ज्या कामासाठी रोज नव्याने इतके निर्णय घ्यावे लागतात ते काम सुटतं. तुमचंच नाही, सगळ्यांचं.

आणि गेलंय ते पोहण्यापेक्षा जास्त आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दिवसभर बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. कंडक्टर काही व्यायाम करत नव्हते, तिकिटं फाडत होते. तुमच्या आधीच्या दिवसातही अशी हालचाल ठासून भरलेली होती: ऑफिसला जाणं-येणं, जिने, दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला जाऊन भेटणं, जेवायला उठून जाणं. ती कधी मोजली नाहीत म्हणून ती गेल्याचंही लक्षात आलं नाही. व्हिडिओ लावून केलेला अर्धा तास ती भरून काढू शकत नव्हता, म्हणून व्यायाम करूनही तुम्हाला जड वाटत राहिलं असणार आणि 'काही उपयोग नाही' म्हणून तो सुटला असणार.

यावर मी तुम्हाला जास्त करायला सांगणार नाही. कमावलेली ताकद टिकवायला ती कमवायला लागते त्याच्या मानाने फार थोडं लागतं, आणि साथीच्या काळात टिकवणं एवढंच ध्येय पुरे आहे. उपलब्ध अभ्यास एकत्र पाहिले तर असं दिसतं की दमसास आठवड्यातून दोन वेळच्या व्यायामावर तीनेक महिने टिकतो, आणि स्नायूंची ताकद आठवड्यातून एका वेळेवरसुद्धा कित्येक महिने टिकते. अट एकच: वेळ कमी केला तरी जोर कमी करायचा नाही. म्हणजे त्या दोन दिवशी पंधरा-वीस मिनिटंच करा, पण अशी करा की बोलताना वाक्य तुटलं पाहिजे. मोकळ्या जिन्यावर चढ-उतार, जागेवर पळणं, दोरीउड्या, काहीही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगितला, सोबत दोन दिवस ताकदीचा. त्या आकड्यांकडे हळूहळू जाता येईल. त्याच सूचनांमध्ये, अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, असंही स्पष्ट म्हटलं आहे. सध्या ते वाक्य तुमचं.

ताकदीसाठी साहित्य लागत नाही. जोर काढता येत नसतील तर भिंतीला हात लावून सुरू करा, मग ओट्यावर किंवा हलणार नाही अशा टेबलावर, मग गुडघे टेकून, शेवटी पूर्ण. पूर्ण जोरात हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार येतो, गुडघे टेकून ४९ टक्के, आणि हात दोनेक फूट उंचीवर ठेवले तर ४१ टक्के. म्हणजे फक्त उंची बदलून वजन बदलतं. पोहणाऱ्या माणसाला ओढण्याचीही सवय असते, ती नुसत्या जोरांनी राहत नाही. पुस्तकं भरलेली पिशवी एका हातात धरून, दुसरा हात खुर्चीवर टेकून, पाठ सरळ ठेवत कोपर मागे ओढा. बैठका आहेतच. तेवढं पुरे, खरंच पुरे.

त्याहून अवघड आहे दिवसाला कडा लावणं. जर्मनीत युर्गेन आशॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात माणसांना घड्याळ आणि खिडकी नसलेल्या भूमिगत खोल्यांत राहायला सांगितलं होतं. त्यांची झोपायची आणि उठायची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकत गेली. आपल्या आतलं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, आणि सकाळचा उजेड ते रोज जागेवर आणतो. घरात दिवे लावून आपल्याला लख्ख वाटतं, पण तिथे जेमतेम काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार असतो. सकाळी उठल्यापासून लॅपटॉपसमोर, रात्री एकपर्यंत लॅपटॉपसमोर, म्हणजे तुम्ही त्या खोलीतच राहताय. तुमच्या वडिलांचं दिवसा झोपणं आणि रात्री जागणं पुष्कळ अंशी इथूनच आलेलं आहे.

म्हणून व्यायामाच्या आधी एक गोष्ट पक्की करा: उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेरच्या उजेडात, रोज एकाच वेळी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. बाहेर पडता येत नसेल तर गच्ची, तीही नसेल तर उघडी खिडकी. हाच तुमचा ऑफिसला जायचा रस्ता. त्या वेळात फोन करा, चाला, नुसत्या उभ्या राहा, पण लॅपटॉप त्यानंतर. संध्याकाळीही तसंच. काम संपायची वेळ सहकाऱ्यांना लेखी कळवा, लॅपटॉप बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पोहायला जायचे कपडे नव्हेत, पण व्यायामाचे वेगळे कपडे घाला. तुमची तलावाची जी वेळ होती तीच ठेवा. ती वेळ शरीराला अजून आठवत असेल. झोपेची वेळ एकदम एकवरून अकरावर आणायला जाऊ नका. उठायची वेळ घट्ट धरली की झोपेची मागोमाग येते, आठवडा-दोन आठवडे लागतात.

एखादा दिवस चुकेल. लंडनमधल्या एका विद्यापीठात सवयींवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ लागले आणि कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. अधूनमधून एखादा दिवस बुडल्याने त्यात मोठा फरक पडला नाही. तेव्हा बुडालेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करू नका. दुखापती अशाच होतात.

वडिलांबद्दल मला जास्त काळजी वाटते, हे मोकळेपणाने सांगते. हाताचा टेकू न घेता खुर्चीतून उठता येणं, ही त्या वयात स्वतंत्रपणे वावरता येण्याची मोठी खूण आहे, आणि तुमचं लक्ष तिथे गेलं हे फार बरं झालं. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात दहा निरोगी तरुणांनी रोजची सुमारे दहा हजार पावलं दोन आठवडे दीड हजारांच्या आत आणली. एवढ्यात त्यांचा दमसास ७ टक्क्यांनी घटला आणि पायांचे स्नायू झिजले. ते तरुण होते, पुन्हा चालायला लागल्यावर सावरू शकत होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे स्नायू तितक्याच बसण्याने लवकर जातात आणि परत यायला जास्त वेळ घेतात. पण परत येतात. या वयातही व्यायामाने ताकद वाढते, याबद्दल शंका नको.

तुम्ही त्यांचं फिरणं बंद केलंत ते प्रेमापोटीच केलंत. आता मात्र दुसऱ्या बाजूचाही धोका तोलून बघा. उघड्यावर, गर्दी नसलेल्या वेळी, कुणाच्या जवळ न थांबता चालण्यात लागणीची शक्यता बंद खोलीच्या मानाने फार कमी असते. नियम परवानगी देत असतील तर भल्या सकाळी त्यांना बाहेर पडू द्या. गाठभेट झाली तर मास्क नाकावर घेऊन लांबूनच बोलायचं. तुमचा उजेडातला अर्धा तास त्यांच्यासोबत काढलात तर दोघांचंही काम होईल.

घरात त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली भक्कम खुर्ची. हात छातीवर घडी घालून उठायचं, सावकाश बसायचं. सुरुवातीला जमत नसेल तर बसायच्या जागेवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा आणि पुढे ती काढा. पाच वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा पाच वेळा. दुसरी गोष्ट तोल. ओट्याला एक बोट लावून, एका पावलाच्या पुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहायचं, कुणीतरी शेजारी असताना. ६५ वर्षांवरच्या माणसांनी तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पडणं टाळायचं असतं. खुर्चीतून उठायचा हा त्रास अचानक सुरू झाला असेल, एकाच बाजूला जास्त असेल, किंवा चक्कर येत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टर.

आणि त्यांना व्यायाम 'करायला लावू' नका. मुलीने वडिलांना सूचना द्यायला लागणं दोघांनाही जड जातं. त्याऐवजी त्यांच्याकडे काम सोपवा: "बाबा, साडेसहाला मला लॅपटॉपवरून उठवायचं तुमच्याकडे. मी विसरते." ते उठून तुमच्या खोलीत येतील, तुमची वेळ पाळली जाईल, तुम्ही जोर काढाल तेव्हा ते खुर्चीत उठ-बस करतील आणि तुमचे आकडे मोजतील. या साथीत घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण फार जपलं आणि त्यांच्यावर कुणाचं काही अवलंबून आहे असं त्यांना वाटू दिलं नाही. ते परत देणं मला खुर्चीच्या व्यायामाइतकंच महत्त्वाचं वाटतं. दुपारची झोप वीस-तीस मिनिटांवर आणा, तीही तीनच्या आत. रात्रीचा प्रश्न त्याने बराच सुटेल.

तलाव उघडेल तेव्हाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुम्ही पहिल्याच दिवशी जाल अशी माझी खात्री आहे, म्हणून लिहून ठेवते. क्लोरीन नीट असलेल्या पाण्यातून हा विषाणू पसरत नाही. धोका असतो तो कपडे बदलायच्या बंद खोलीत, शॉवरच्या रांगेत आणि लेनच्या टोकाला श्वास घेत गप्पा मारण्यात. तेव्हा घरूनच पोशाख घालून जा, पोहून झालं की टॉवेल गुंडाळून थेट घरी या. आणि पहिल्या दिवशी पूर्वीच्या निम्म्याहून कमी अंतर पोहा. दमसास त्या मानाने लवकर परत येतो, त्यामुळे जोर चढतो, पण खांद्याच्या स्नायुबंधांना तेवढ्या काळात सावरता येत नाही. खांदे दुखून आलेले पोहणारे माझ्याकडे येतात ते बहुतेक अशाच मोठ्या सुट्टीनंतरच्या पहिल्या महिन्यात. एक दिवसाआड जा, दर आठवड्याला थोडंच अंतर वाढवा, आणि खांदा रात्री कुशीवर झोपताना दुखायला लागला तर त्या आठवड्यात अंतर वाढवू नका.